कारणाचा रकाना

दिवाळीच्या अंकात वेडाचा विषय कशाला, असे पुष्कळांना वाटेल. चकली मोडावी, अनारसा तोंडात टाकावा आणि एखादी हलकीफुलकी गोष्ट वाचावी, हे दिवस त्यासाठीच असतात, हे मलाही मान्य आहे. पण दिवाळीत घरची सारी माणसे एकत्र येतात. आणि ती एकत्र आली, की ज्या एका माणसाविषयी कोणी मोठ्याने बोलत नाही, त्याचीही आठवण होतेच. बहुतेक घराण्यांत असे एखादे माणूस असते. आमच्या घराण्यात ती माझी आत्या होती.

आमचे गाव मेहकरजवळचे, पैनगंगेच्या काठचे. मी जन्मण्याआधीच आत्या सासरहून परत आली होती. ती स्वयंपाक करी, शेण काढी, आम्हा मुलांच्या वेण्या-नखे बघी. पण बोलत नसे. दिवेलागणीच्या वेळी उठून मागच्या आडाकडे जाई आणि काठावर हात टेकून उभी राही. मग घरातले कोणीतरी धावत जाऊन तिला परत आणी. पुढे आजोबांनी आडावर लाकडी झाकण बसवले आणि तिच्या मागोमाग जाण्याचे काम आम्हा मुलांवर सोपवले.

हिला झाले तरी काय, याचे उत्तर घरात प्रत्येकापाशी तयार होते. आजी म्हणे, भर दुपारी शिवेवरून आली, बाहेरचे लागले. वडील म्हणत, सासरच्यांनी छळले. शेजारच्या काकूंचे मत असे, की मूल नाही म्हणून ध्यास घेतला. शहरातल्या एका डॉक्टरांकडे तिला एकदा नेले होते. त्यांच्या कागदावर ‘कारण’ या शब्दापुढे ‘कौटुंबिक’ एवढाच एक शब्द लिहिलेला होता. उत्तरे चार, आणि चारही देणारी माणसे तिच्यावर माया करणारी. पण ज्या एका माणसाला खरे उत्तर ठाऊक असण्याचा संभव होता, त्याला विचारण्याचे कोणाला सुचले नव्हते.

मी शाळामास्तर. मोठ्या पदव्या माझ्यापाशी नाहीत. परंतु कादंबऱ्या लिहिण्याचा नाद असल्यामुळे माणसाच्या मनाविषयी जे ऐकतो ते खरे कसे मानावे, हा प्रश्न मला पुष्कळ वर्षे छळीत आला आहे. त्या प्रश्नाच्या मागे लागून मी जो थोडाफार इतिहास वाचला, तो आज वाचकांपुढे मांडणार आहे. आत्याची गोष्ट शेवटी सांगेन. तिच्यात एक चूक आहे आणि ती चूक माझी आहे.

* * *

आपल्या देशात वेड्यांच्या इस्पितळांसाठी सरकारी कायदा झाला तो १८५८ साली. कंपनीचे राज्य जाऊन राणीचे राज्य आले, त्याच वर्षीची ही गोष्ट. रस्त्यात भटकणारा, भ्रमिष्ट दिसणारा माणूस पोलिसाने धरावा, मॅजिस्ट्रेटपुढे उभा करावा आणि डॉक्टरचा दाखला घेऊन वेड्यांच्या इस्पितळात धाडावा, अशी त्या कायद्याची रीत होती. नागपूरचे इस्पितळ १८६४ चे. आमचा बुलढाणा जिल्हा त्या काळी मध्यप्रांतात नव्हता. वऱ्हाड हा निजामाचा मुलूख, पण कारभार इंग्रजांचा, अशी दुहेरी अवस्था १८५३ पासून चालत आली होती.

माणूस इस्पितळात आला, की त्याच्याबरोबर एक कागद येई. त्यावर नाव, जात, वय, धंदा हे रकाने असत आणि त्यांच्यातच एक रकाना असे वेडाच्या कारणाचा. आता विचार करा. एखादा अनोळखी माणूस बाजारात ओरडताना सापडला. त्याचे गाव ठाऊक नाही, नातेवाईक नाहीत, त्याला धड बोलता येत नाही. शिपायाला कागद तर पुरा करायचा आहे. माणसाजवळ चिलीम सापडली, किंवा चिलीम ओढणाऱ्या बैराग्यांच्या मेळ्यात तो दिसला होता एवढे कळले, की काम झाले. कारण : गांजा. मॅजिस्ट्रेटच्या कचेरीतून तो शब्द इस्पितळात गेला. तिथल्या कारकुनाने तो नोंदवहीत उतरवला. वर्षअखेर डॉक्टरसाहेबांनी नोंदवहीवरून कोष्टक केले. कोष्टक कलकत्त्याला गेले, कलकत्त्याहून विलायतेला गेले. एका शिपायाचा अंदाज असा पायरी-पायरीने चढत गेला आणि वरच्या पायरीवर पोचेपर्यंत त्याचे शास्त्र होऊन बसले.

विलायतेत त्या शास्त्राने खळबळ उडवली. हिंदुस्थानातील वेड्यांची इस्पितळे गांजेकसांनी भरली आहेत, अशी बोलवा झाली. मार्च १८९३ मध्ये पार्लमेंटात याविषयी प्रश्न विचारला गेला आणि त्याच वर्षी सरकारने भांग, गांजा व चरस यांची चौकशी करण्यासाठी एक कमिशन नेमले. डब्ल्यू. मॅकवर्थ यंग हे त्याचे अध्यक्ष. सात सभासदांपैकी तीन हिंदी होते : राजा शशिशेखरेश्वर रॉय, कंवर हरनामसिंग आणि लाला निहालचंद. या कमिशनने वर्षभरात १,१९३ साक्षी घेतल्या आणि सात खंडांचा अहवाल १८९४ साली पुरा केला. शेवटच्या खंडात मुंबई, सिंध यांच्याबरोबर आमच्या वऱ्हाडातील साक्षीही आहेत.

साक्षी पुष्कळ घेतल्या, यात विशेष काही नाही. सरकारी कमिशनांना कागद भरण्याची हौस असतेच. विशेष आहे ते निराळे. या मंडळींनी इस्पितळाच्या छापील कोष्टकावर विश्वास ठेवण्याचे नाकारले. १८९२ या एका वर्षात इस्पितळांत दाखल झालेली सारी प्रकरणे त्यांनी पुन्हा उघडली. एकंदर १,३४४ माणसे. त्यांपैकी २२२ जणांच्या नावापुढे गांजा-भांग हे कारण लिहिलेले. कमिशनने विचारले, हे लिहिले कोणी? कोणाच्या सांगण्यावरून? त्या माणसाच्या गावी कोणी गेले होते काय? त्याच्या भावाला, शेजाऱ्याला विचारले होते काय? मग जिथे शक्य तिथे माणसाच्या मूळ गावापर्यंत चौकशी मागे नेली. तेव्हा कोणाच्या घराण्यातच हा आजार असल्याचे निघाले, कोणी आधी वेडा झाला आणि चिलीम त्याने मागाहून धरली होती, तर कोणी गांजा ओढीत होता याचाच पुरावा सापडेना. चाळून चाळून २२२ पैकी ९८ उरले. आणि दुसरे कोणतेही कारण जोडीला नसून केवळ गांजाच, असे म्हणता येईल अशी ६१ प्रकरणे राहिली.

यावरून कोणी गांजा निरुपद्रवी आहे, असा अर्थ काढू नये. अतिसेवनाने मुळातच दुबळे झालेले मन अधिक ढासळू शकते, हे कमिशननेही म्हटले होते; आणि आजचे वैद्यक तर तरुणांच्या बाबतीत याहून कडक इशारा देते. माझा मुद्दा गांजाचा नाही. तो रकान्याचा आहे. रिकामा रकाना माणसाला सहन होत नाही. ‘ठाऊक नाही’ असे लिहिण्यापेक्षा काहीतरी लिहिलेले बरे, असे शिपायाला वाटते, डॉक्टरला वाटते, आणि घरातल्या माणसांना तर सर्वांत अधिक वाटते. कारण सापडले, की दोष कोणावर ठेवायचा हे ठरते, आणि दोष ठरला की रात्री झोप लागते. झोप लागत नाही ती एकट्या रोग्याला.

* * *

कमिशनचे काम चालू होते त्याच सुमारास, दूर व्हिएन्ना शहरात, ब्रॉयर आणि फ्रॉईड हे दोन डॉक्टर एक पुस्तक लिहीत होते. ते १८९५ साली प्रसिद्ध झाले. त्यात ब्रॉयरने १८८० ते १८८२ या काळात उपचार केलेल्या एका तरुणीची हकीकत आहे. आजाऱ्या बापाची शुश्रूषा करता करता ही मुलगी स्वतः विलक्षण आजारी पडली होती. डॉक्टर तिच्यापाशी बसून तिला बोलू देत, आणि बोलल्याने तिला हलके वाटे. बोलण्याने मन मोकळे होते, ही गोष्ट आपल्याकडे जात्यावर बसणाऱ्या बायकांना पूर्वीच ठाऊक होती. पण डॉक्टरांनी ती औषध म्हणून नोंदवली, हा त्या पुस्तकाचा मोठेपणा.

तथापि या गोष्टीलाही एक शेपूट आहे. पुस्तकावरून वाचकाची अशी समजूत होते, की ती तरुणी बरी झाली. पुढे १९७२ साली एलेनबर्गर नावाच्या संशोधकाने एका आरोग्यधामातील जुने कागद शोधून काढले. ब्रॉयरचे उपचार संपल्यानंतर त्या मुलीला तेथे ठेवावे लागले होते, असे त्यांवरून उघड झाले! बेर्था पापेनहाइम हे तिचे खरे नाव. ती बरी झाली ती पुढे, आपल्या वेळाने. आणि नंतर निराधार स्त्रियांसाठी तिने आयुष्यभर मोठे काम केले. म्हणजे ऐकून घेणे एवढ्यानेही भागत नाही. जे ऐकले ते लिहिताना, आपल्याला हवा तसा शेवट करण्याचा मोह आवरावा लागतो. कथालेखकांना तर तो मोह विशेषच. असो.

* * *

वाचक म्हणतील, मास्तर, व्हिएन्ना आणि कलकत्ता पुरे. आपल्याकडे असे ऐकणारे कोणी झालेच नाही की काय? झाले. आणि या दोन्ही गोष्टींच्या सहाशे वर्षे आधी झाले. त्यासाठी मला तुम्हाला रिद्धपुरास न्यावे लागेल.

अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर हे गाव. तेराव्या शतकात तेथे गोविंदप्रभू ऊर्फ गुंडम राऊळ राहात. त्यांचे वागणे लोकरीतीला सोडून होते. ते कुठेही शिरत, काहीही खात, लहान मुलासारखे खेळत, एकाएकी रागावत आणि एकाएकी हसत. गावातले लोक त्यांना वेडे म्हणत, पिसे म्हणत. तेच लोक त्यांना आई-बापही म्हणत. आपल्या जुन्या मराठीला वेडासाठी इतके शब्द आहेत — वेडा, पिसा, खुळा, भ्रमिष्ट, बावरा — आणि त्यांतले निम्मे शिवी म्हणून वापरता येतात तसे मायेनेही वापरता येतात. इस्पितळाच्या रकान्यात ही सोय नाही.

चक्रधरस्वामी हे या गोविंदप्रभूंचे शिष्य आणि महानुभाव पंथाचे प्रवर्तक. ते आमच्या भागातूनही हिंडलेले आहेत. मेहकरला त्यांचा मुक्काम होता. लोणारला यादव राजा कान्हरदेव त्यांच्या भेटीस आल्याची लीळा आहे. चक्रधर निघून गेल्यावर त्यांची शिष्यमंडळी रिद्धपुरात जमली. नागदेवाचार्य त्यांचे प्रमुख. गुरूच्या वियोगाने सारे खचलेले होते. नागदेवाचार्य बसल्या जागी एकेक आठवण मनाशी घोळवीत असत. म्हाइंभट नावाचे एक विद्वान शिष्य होते. त्यांच्या मनात आले, की या आठवणी या माणसांबरोबरच नाहीशा होतील. त्यांनी त्या लिहून ठेवण्याचे ठरवले. हा काळ १२७८ च्या सुमाराचा. त्यातून ‘लीळाचरित्र’ हा ग्रंथ उभा राहिला, आणि मराठी गद्याचा संसार तेथून सुरू झाला.

ग्रंथाच्या धार्मिक महत्त्वाविषयी बोलण्याचा माझा अधिकार नाही. मला मोह पडतो तो म्हाइंभटांच्या कामाच्या रीतीचा. जे नागदेवाचार्यांनी प्रत्यक्ष पाहिले होते ते त्यांच्याकडून ऐकून घेतले. जिथे नागदेवाचार्य हजर नव्हते, तिथे जो हजर होता त्याच्याकडे म्हाइंभट गेले. तो माणूस विद्वान आहे की अडाणी, पुरुष आहे की बाई, हे पाहिले नाही. त्याने पाहिले होते काय, एवढेच पाहिले. ऐकलेले पुन्हा नागदेवाचार्यांपुढे ठेवून पारखून घेतले. आणि लिहिताना आपली विद्वत्ता आड येऊ दिली नाही. बाइसा, महदाइसा यांच्यासारख्या स्त्रिया त्या ग्रंथात ज्या भाषेत बोलल्या, त्याच भाषेत आजही बोलताना ऐकू येतात. संस्कृतात लिहू पाहणाऱ्या एका पंडिताला नागदेवाचार्यांनी थांबवले होते. त्याने माझ्या म्हाताऱ्या बायका वंचित होतील, असे त्यांचे म्हणणे होते. ज्यांच्याकडून गोष्ट घेतली, त्यांना ती वाचून दाखवली असता कळली पाहिजे, याहून मोठी कसोटी आजच्या विद्यापीठांनाही सांगता येणार नाही.

पुढे याहूनही नवलाची गोष्ट घडली. चौदाव्या शतकाच्या आरंभी परचक्राच्या धामधुमीत मूळ पोथी नष्ट झाली. ज्यांना ती पाठ होती त्यांच्या स्मरणातून तिची पुन्हा बांधणी करावी लागली. साहजिकच एकीच्या स्मरणात एक शब्द, दुसऱ्याच्या स्मरणात दुसरा. अशा वेळी आपण काय करू? सोयीचा पाठ ठेवू आणि बाकीचे पुसून टाकू. या मंडळींनी तसे केले नाही. निरनिराळ्या पाठांना ते ‘वासना’ म्हणत. एका वासनेप्रमाणे असे घडले, दुसऱ्या वासनेप्रमाणे तसे, अशा नोंदी पोथ्यांत शेजारी शेजारी ठेवलेल्या आहेत. कोणाची आठवण खरी हे आपल्याला कळत नाही, तेव्हा दोन्ही जपून ठेवू, ही त्यामागची नम्रता. स्वामी जिथे जिथे राहिले ती ठिकाणे ‘स्थानपोथी’त टिपली गेली; त्यांत देवळाचे दार कोणत्या दिशेला होते एवढ्याचाही विसर पडू दिलेला नाही.

या पोथ्या पुढे अनेक शतके सांकेतिक लिपीत बंद राहिल्या. विसाव्या शतकात त्या उघडल्या, त्यात ज्यांचा फार मोठा वाटा होता ते डॉ. विष्णु भिकाजी कोलते आमच्याच बुलढाणा जिल्ह्यातले. मलकापूर भागातील नरवेल या खेड्यात १९०८ साली त्यांचा जन्म झाला. शेतकऱ्याच्या घरातून निघालेला हा मुलगा पुढे नागपूर विद्यापीठाचा कुलगुरू झाला. १९६७ सालच्या भोपाळ येथील साहित्य संमेलनाचे अध्यक्षपदही त्यांना मिळाले. पोथीशी पोथी ताडून पाहात, पाठभेद नोंदवीत त्यांनी ‘लीळाचरित्रा’ची जी आवृत्ती सिद्ध केली, ती १९७८ साली प्रसिद्ध झाली. सातशे वर्षांपूर्वी म्हाइंभट माणसामागून माणूस गाठीत हिंडले. कोलते पोथीमागून पोथी गाठीत हिंडले. काम एकच.

* * *

याच पंथाच्या एका मंदिराची गोष्ट आमच्या घराला फार जवळची आहे. महाराष्ट्रात महानुभावांची काही मंदिरे अशी आहेत, की जिथे मनाने आजारी झालेल्या माणसांना घेऊन कुटुंबे महिनोन्‌महिने राहतात. आमच्या जिल्ह्यात पिंपळगाव सराईजवळ सैलानी बाबांचा दर्गा आहे, तेथेही सर्व धर्मांची माणसे अशीच येतात. होळीच्या सुमारास तेथे मोठी यात्रा भरते. शिकलेला माणूस अशा ठिकाणांकडे दोन तऱ्हांनी पाहतो. एक तर नाक मुरडतो, नाहीतर डोळे मिटून हात जोडतो. जवळ बसून पाहणारा विरळा.

व्हिएडा स्कल्टन्स या इंग्लंडातल्या मानवशास्त्रज्ञ बाई एका महानुभाव मंदिरात अशा जवळ बसल्या. त्यांचा निबंध १९८७ साली प्रसिद्ध झाला. त्यांनी रोग्यांपेक्षा रोग्याबरोबर आलेल्या माणसांकडे अधिक लक्ष दिले. त्यांना असे दिसले, की आजारी माणूस पुष्कळदा घरातला मुलगा किंवा नवरा असतो, आणि आरतीच्या वेळी अंगात येते ते मात्र त्याच्या आईच्या किंवा बायकोच्या. रोग्याचे दुखणे आपल्या अंगावर यावे आणि त्याने मोकळे व्हावे, असे त्या बायका देवापाशी मागतात. दुखणे एका घरात असते. ते कोणाच्या अंगावर उतरवून घ्यायचे, एवढेच ठरायचे असते. आणि ते बहुधा बाईच्याच अंगावर उतरते.

हे मला समजले तेव्हा मी पुस्तक मिटून कितीतरी वेळ तसाच बसलो. कारण आत्या घरी आल्यापासून आमच्या आजीच्या अंगात येऊ लागले होते. दर अमावास्येला ती घुमे. आम्ही मुले घाबरून माळ्यावर जाऊन बसत असू. मोठेपणी, चार पुस्तके वाचल्यावर, मी त्याला अंधश्रद्धा म्हणून मोकळा झालो होतो. म्हणजे मीही माझा रकाना भरला होता. आपल्या लेकीचे दुखणे ही म्हातारी आपल्या अंगावर ओढून घेऊ पाहत आहे, हे आमच्यापैकी कोणाच्या ध्यानात आले नाही. आणि मला ते कळले तेव्हा आजी जाऊन पुष्कळ वर्षे झाली होती.

अंगात आल्याने दुखणे बरे होते, असे मी म्हणत नाही. मनाच्या आजारावर आज चांगली औषधे आहेत आणि ती वेळेवर घेतली पाहिजेत. देवाच्या नावाने माणसाला साखळदंडाने बांधण्याचे प्रकार किती भयंकर ठरतात, हे तामिळनाडूतील एर्वाडी येथे ६ ऑगस्ट २००१ च्या आगीने दाखवले. बांधून ठेवलेल्या माणसांना पळताही आले नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्याच्या कायद्याने साखळीने बांधण्याला बंदी केली आहे. पुढे आपला आजार बळावला तर आपल्यावर कसे उपचार व्हावेत आणि कसे होऊ नयेत, हे आधी लिहून ठेवण्याचा हक्कही त्या कायद्याने दिला. १८५८ च्या कायद्यात रोग्याला धरून आणण्याची तजवीज होती. रोग्याचे म्हणणे काय, हे विचारण्याची तजवीज व्हायला आणखी दीडशेवर वर्षे लागली.

रकाना मात्र अजून गेलेला नाही. आमच्या विदर्भात त्याचे एक करुण रूप आम्ही पाहतो. ज्या सहा जिल्ह्यांसाठी २००६ साली पंतप्रधानांनी मदत जाहीर केली, त्यांत बुलढाणा होता. शेतकऱ्याने जीव दिला, की कागद हलू लागतात. जमीन कोणाच्या नावावर, कर्ज बँकेचे की आणखी कोणाचे, हे तपासून प्रकरण ‘पात्र’ की ‘अपात्र’ ते ठरते. मदत द्यायची तर नियम हवेत, हे मी जाणतो. पण ‘अपात्र’ हा शब्द पडला, की गावात त्याचा अर्थ बदलतो. त्याला कर्जाचे दुःख नव्हते तर मग दारूचे असेल, बायकोशी पटत नसेल, असे लोक बोलू लागतात. शाळेत माझ्यापुढे बसणाऱ्या पोराने हे बोलणे ऐकलेले असते. अशा पोराच्या वहीत मी कधी लाल शाईने लिहीत नाही. मधल्या सुट्टीत त्याच्याजवळ जाऊन बसतो. तो बहुधा बोलत नाही. कधी बोलतो. अशा घरांतल्या माणसांनी गप्प बसू नये म्हणून आता ‘टेली मानस’सारखी दूरध्वनी सेवा २०२२ पासून सुरू आहे, तिचा १४४१६ हा क्रमांक मी वर्गाच्या भिंतीवर लिहून ठेवला आहे. पण दूरध्वनी उचलण्याआधी शेजारी कोणीतरी बसलेले असावे लागते.

* * *

आता आत्याची गोष्ट.

मी एक कादंबरी लिहिली. तिच्यात खेड्यातली एक मुकी झालेली बाई होती, आणि ती मुकी का झाली, याचे मोठे रसभरित कारण मी दिले होते. लग्नाआधीचे प्रेम, दुसऱ्या जातीचा मुलगा, नदीकाठ, ताटातूट. लोकांना ते प्रकरण आवडले. ती बाई म्हणजे माझी आत्या, हे गावात सर्वांनी ओळखले.

आत्या चौथीपर्यंत शिकली होती. डोळे अधू झाले होते, म्हणून तिने माझ्या पुतणीकडून ती कादंबरी वाचून घेतली. दिवाळीला मी गावी गेलो, तेव्हा ती ओसरीवर पणत्यांच्या वाती वळीत बसली होती. मी नमस्कार केला. ती म्हणाली, “बरं लिव्हलं रे बापू. पन ते माह्यं नाही.”

तीस-पस्तीस वर्षांत घरात कोणी ऐकले नसेल एवढे लांब वाक्य ते होते. मी तिच्याजवळ बसलो आणि जे फार आधी विचारायचे होते ते विचारले, “मग तुह्यं काय, आत्या?”

ती त्या दिवशी बोलली नाही. दुसऱ्या दिवशी थोडे बोलली. पाडव्याला पुष्कळ बोलली. मी मध्ये काही सुचवले नाही, ‘म्हणजे असे का’ म्हणून तिच्या तोंडी शब्द घातले नाहीत. रात्री वहीत उतरवून ठेवी आणि सकाळी तिला वाचून दाखवी. ती कुठे ‘हो’ म्हणे, कुठे ‘तसं नाही’ म्हणे. जिथे तिची आठवण आणि वडिलांची आठवण जुळेना, तिथे मी दोन्ही लिहिल्या. म्हाइंभटांच्या शिष्यशाखेने शिकवलेला तेवढा धडा मी गिरवला. वडील ऐंशीच्या घरात होते. ते दारात उभे राहून ऐकत होते. शेवटच्या दिवशी ते आत येऊन तिच्याजवळ बसले, आणि पुष्कळ वेळ दोघेही काही बोलले नाहीत.

तिने जे सांगितले ते मी येथे सांगणार नाही. ते छापू नकोस, असे तिने बजावले आहे. आता ती नाही, म्हणून तो शब्द मोडता येत नाही. एकच गोष्ट सांगण्याची तिने परवानगी दिली. मी तिला आडाविषयी विचारले होते.

ती म्हणाली, “आडावर मी जीव द्याले नोती जात, बापू. दिवसभर समदे मले पाह्यत राह्यचे. तिथं कोनी पाह्यत नोतं, म्हनून जात होती. मंग तुमी तिथंबी येऊ लागले.”

आमचा धाक खोटा होता, असे मी म्हणणार नाही. अशा माणसाकडे लक्ष ठेवावेच लागते. पुन्हा तशी वेळ आली तर मी पुन्हा तिच्यामागे जाईन. पण लक्ष ठेवणे आणि विचारणे, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिली आम्ही वर्षानुवर्षे इमानाने केली. दुसरी करायला चार दिवस पुरले.

कादंबरीची दुसरी आवृत्ती निघाली, तेव्हा मी नदीकाठचे ते प्रकरण काढून टाकले. ती बाई का बोलत नाही, याचे कारण आता पुस्तकात नाही. प्रकाशक म्हणाले, वाचकाला चुकल्यासारखे वाटेल. वाटू द्या, मी म्हटले. तो रकाना मी रिकामा ठेवला आहे.